गुप्त बातमीदार ते खबरी: पोलिसांच्या कागदातला बिननावी माणूस

‘सदर दिवशी हद्दीत पेट्रोलिंग करीत असताना आमचे गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की, एक इसम विनापरवाना, बेकायदेशीररीत्या गावठी हातभट्टीची दारू जवळ बाळगून तिची विक्री करीत आहे.’ हातभट्टीच्या जागी मटका, गांजा, गुटखा किंवा गावठी कट्टा घाला, बाकीचं वाक्य जसंच्या तसं राहतं. पुढच्या ओळीही ठरलेल्या. दोन पंचांना बोलावून घेतलं, बातमीचा आशय त्यांना समजावून सांगितला, बातमीच्या ठिकाणी जाऊन खात्री केली, छापा घातला, मुद्देमाल जप्त. तालुक्याच्या कोर्टात ज्याने चार दिवस जरी बाकावर बसून काढलेत त्याला हा मजकूर पाठ असतो. या कागदांत इसमाचं नाव असतं, पंचांची नावं वय-धंद्यासकट असतात, शिपायाचा बक्कल नंबर असतो. बातमीदाराचं नाव मात्र कुठेच नसतं, आणि ते विचारलं तर सांगायला कोणी बांधील नसतं.

हाच माणूस कागदावरून उतरून बोलण्यात आला की ‘खबऱ्या’ होतो, मुंबईत ‘खबरी’, आणि गडचिरोलीत हाच शब्द मृतदेहाशेजारी ठेवलेल्या पत्रकात सापडतो. आपल्याकडे पोलिसांच्या माहितीच्या यंत्रणेबद्दल बोलताना सगळे थेट शिवकाळातल्या हेरखात्यावर उडी मारतात. ती उडी इथे टाळतो, कारण हेर आणि खबरी या दोन वेगळ्या जाती आहेत. हेर आपल्या राज्याचा नोकर असतो आणि परक्याच्या मुलखात जातो. खबरी कुठेच जात नाही. तो आपल्याच वस्तीत, आपल्याच धंद्यात, आपल्याच नातेवाइकांत बसलेला असतो आणि त्यांच्याबद्दल सांगतो. त्याची किंमतही त्यामुळेच, आणि त्याच्यावरचा रागही.

शब्दाचा गुंता मात्र जुना आहे. खबर अरबी. तिचं अरबी अनेकवचन अखबार. त्याच धातूतून खबर देणारा तो मुखबिर, आणि अरब देशांत आज गुप्तचर खात्याला मुखाबरात म्हणतात तेही तिथूनच. मराठी दरबारी कागदांत ‘अखबार’ म्हणजे हाताने लिहिलेला बातमीचा कागद. दिल्ली, हैदराबाद, जयपूर अशा ठिकाणी काय चाललंय, कोण कोणाला भेटलं, कोणाचा मुक्काम कुठे हलला, हे लिहून पाठवणारा तो अखबारनवीस. त्या काळी जासूद हा शब्दसुद्धा आजच्यासारखा थरारक नव्हता. पेशवे दफ्तरातला जासूद बहुतेक वेळा पत्रं पोचवणारा माणूस असतो, जोडीने चालणारा, ‘जासूद जोडी’ म्हणून हिशेबात लागणारा. बातमी आणणारा, लिहिणारा आणि वाहून नेणारा यांच्यात आज आपण काढतो तशी रेष तेव्हा नव्हती.

ती रेष छापील वर्तमानपत्रांनंतर पडली, पण नीट पडलीच नाही. वर्तमानपत्रांनी स्वतःच्या माणसाला ‘आमचा बातमीदार’ म्हटलं आणि पोलीस ठाण्याने स्वतःच्या माणसालाही. पुढे वार्ताहर, प्रतिनिधी हे शब्द आले, तरी बातमीदार गेला नाही. त्यामुळे आजही गुन्हेगारीच्या पानावर असं वाक्य सहज छापून येऊ शकतं की बातमीदाराने दिलेली बातमी बातमीदाराला मिळाली. गंमत म्हणून सोडून देण्याजोगं हे नाही, कारण कायद्याने या दोघांना फार वेगळं वागवलंय. पत्रकाराने आपला स्रोत सांगू नये म्हणून त्याला मिळालेलं संरक्षण १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) मध्ये आहे, आणि ते फक्त त्या कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं. कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्याचा उपयोग नाही. पोलिसाच्या बातमीदाराला मात्र १८७२ पासून खुद्द कोर्टातच पांघरूण आहे.

आणखी एक शब्द इथेच निपटायला हवा: माफीचा साक्षीदार. बोलताना लोक दोघांना एकाच माळेत ओवतात. माफीचा साक्षीदार गुन्ह्यात सामील असतो, मॅजिस्ट्रेटसमोर त्याला माफी मिळते, त्याचं नाव कागदावर येतं, तो पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याची उलटतपासणी होते. १८३० च्या दशकात ठगांविरुद्धची मोहीम चालली ती अशाच माणसांच्या जबान्यांवर. खबऱ्याची सगळी मजा याच्या उलट बाजूला आहे. त्याची जबानी नाही, सही नाही, उलटतपासणी नाही.

मुंबईपुरतं बोलायचं तर १८५७ चं एक प्रकरण या धंद्याची सगळी हत्यारं एकत्र दाखवतं. सोनापुरातल्या एका घरात देशी पलटणींतले काही शिपाई जमत असल्याची कुणकुण पोलिसांना लागली. तेव्हा शहराच्या पोलिसांची सूत्रं ज्याच्या हातात होती तो अधिकारी इथल्या भाषा सफाईने बोलणारा आणि वेषांतर करून बाजारात फिरणारा. त्याने घरमालकाला उचललं, दमात घेतलं आणि त्याच्याच घराच्या भिंतीला पाडलेल्या भोकांतून बैठकी पाहिल्या, ऐकल्या. पुढे त्याने पलटणीच्या ब्रिटिश अधिकाऱ्यालाही तिथे नेऊन बसवलं, म्हणजे आपलेच शिपाई त्याने आपल्या डोळ्यांनी ओळखावेत. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, आज आपण जिला आझाद मैदान म्हणतो त्या बाजूच्या एस्प्लनेडवर, त्या शिपायांतल्या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. घरमालकाचं पुढे काय झालं यात फारसा रस कोणी घेतलेला दिसत नाही. तो खबरी होता की कैदी, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी निरर्थक असणार. दमात घेऊन बनवलेला खबरी आणि पैशाने बनवलेला खबरी यांतला पहिला प्रकारच आजही जास्त चालतो. किरकोळ गुन्ह्यात सापडलेला पोरगा सुटतो आणि त्यानंतर दर आठवड्याला ठाण्याच्या मागच्या चहाच्या टपरीवर येत राहतो.

आता ते पांघरूण. भारतीय पुरावा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याचं कलम १२५ अगदी आखूड आहे: गुन्हा घडल्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायला कोणत्याही मॅजिस्ट्रेटला किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही. १८८७ च्या दुरुस्तीने त्यात महसुली अधिकाऱ्यांची भर पडली, म्हणजे अबकारी, कस्टम, मीठ या खात्यांच्या माणसांनाही तीच सवलत. दीडशे वर्षं या दोन वाक्यांवर हजारो छापे उभे आहेत, तेव्हा ती जरा जवळून वाचायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे, कलम बातमीदाराला काहीच देत नाही. त्याचं नाव गुप्त ठेवायचा हक्क त्याचा नाही, सवलत अधिकाऱ्याची आहे. शेजारची कलमं पाहिली की हे उघड होतं. नवरा-बायकोतल्या बोलण्याबद्दलच्या कलमात ‘भाग पाडता येणार नाही’ आणि ‘परवानगी देता येणार नाही’ अशी दोन्ही कुलपं आहेत. वकिलाला अशिलाच्या संमतीशिवाय त्याची गोष्ट उघड करायची परवानगीच नाही. पोलिसाच्या बाबतीत मात्र एकच कुलूप: भाग पाडता येणार नाही. म्हणजे अधिकाऱ्याने आपणहून नाव सांगायचं ठरवलं तर हे कलम त्याचं तोंड बंद करत नाही. खबऱ्याचा जीव अधिकाऱ्याच्या मर्जीवर टांगलेला, आणि ही व्यवस्था कायद्यात लिहूनच ठेवलेली आहे.

दुसरं, त्याला अपवाद नाही. इंग्लंडमध्ये याच विषयावर १८९० साली एक निकाल लागला. तिथे न्यायाधीशांनी गुप्ततेचा नियम मान्य केला, पण एक फट ठेवली: आरोपीचं निर्दोषपण सिद्ध व्हायला नाव उघड होणं गरजेचं असेल तर ते उघड करावं लागेल. आपलं कलम त्याच्या १८ वर्षं आधीचं. त्यात अशी फट लिहिलेली नाही आणि नंतरही कोणी लिहिली नाही. बातमीदाराला साक्षीला आणलं नाही एवढ्यावरून खटला पडत नाही, हे न्यायालयांनी वारंवार म्हटलंय, आणि तेवढं बरोबरच आहे. मुद्देमाल सापडला, पंचांनी पाहिला, तर टीप कोणी दिली याने काय फरक पडतो? पण पंच जेव्हा ठाण्याच्या खिशातले असतात, दर छाप्याला तेच पानवाले आणि तेच रिक्षावाले उभे असतात, तेव्हा बातमीदार होता की नाही हाच खटल्यातला एकमेव खरा प्रश्न उरतो. तो विचारता येत नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात खटकणारं: कलम अस्तित्वात असलेल्या बातमीदाराचं रक्षण करतं तितकंच नसलेल्या बातमीदाराचंही करतं. फोनच्या टॉवरवरून माग काढला, शेजारच्या ठाण्यात कोणाला चोप देऊन माहिती काढली, प्रतिस्पर्धी धंदेवाल्याने पैसे देऊन छापा घालून घेतला, किंवा काहीच नव्हतं, सहज झडती घेतली. फिर्यादीत या सगळ्यांचं रूपांतर एकाच वाक्यात होतं. खात्रीलायक बातमी. ती खात्री कोणाची आणि कशावरून, हे सांगायला कायद्याने कोणी बांधलेलं नाही.

या कलमाला पर्याय नव्हता असंही नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४२ ने वेगळी वाट धरली. मिळालेली माहिती अधिकाऱ्याने लिहून ठेवायची आणि तिची प्रत वरिष्ठाकडे पाठवायची. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी ७२ तासांची मुदत आहे. नाव सांगायचं नाही, पण बातमी काय होती आणि केव्हा आली हे झडतीनंतर बदलता येऊ नये एवढी ती सोय. ही नोंद धड न केल्यामुळे गांजा-चरसचे कितीतरी खटले पडले आहेत. पोलीस याला तांत्रिक मुद्दा म्हणतात. तांत्रिक म्हणण्यासारखं त्यात काही दिसत नाही. आधी लिहिलेली टीप आणि नंतर लिहिलेली टीप यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

१८९९ चं पुणं या इतिहासात येतं ते खबऱ्याकडे पाहायची मराठी नजर तिथे पक्की झाली म्हणून. प्लेग, रँडचा खून, २०,००० रुपयांचं सरकारी बक्षीस, फाशी, हा तपशील वाचकांना माहीत आहे. ज्या दोन द्रविड बंधूंनी पोलिसांना माहिती पुरवली, त्यांना ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री पोलीस साहेबांनी बोलावल्याचा निरोप देऊन घराबाहेर काढलं आणि सदाशिव पेठेत गोळ्या घातल्या. निरोपाची निवड पाहण्यासारखी आहे: साहेबाचं बोलावणं आलं की निघायचं, ही त्यांची सवय मारणाऱ्यांना ठाऊक होती. त्यानंतर आपल्याकडे या जातीच्या माणसासाठी ‘फितूर’ हा शब्द घट्ट बसला. आज त्याच शब्दाची कोर्टात पुरती गंमत झाली आहे. साक्षीदार फितूर झाला म्हणजे तो पोलिसांना दिलेल्या जबाबावरून फिरला. सव्वाशे वर्षांपूर्वी पोलिसांकडे जाणारा तो फितूर, आज पोलिसांपासून दूर जाणारा तो फितूर.

चळवळीच्या काळात हे सूत्र साताऱ्याने पुढे नेलं. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांसमोर सावकार, गुंड आणि पोलिसांना बातम्या पुरवणारे असे तिघेही येत. तळपायांवर मारायच्या शिक्षेवरून लोकांनी प्रतिसरकारचं ‘पत्री सरकार’ केलं असं सांगतात. दुसरे म्हणतात की ‘प्रति’चाच तो बोलीतला अपभ्रंश. त्या वादात इथे शिरत नाही. स्वातंत्र्यानंतर याच जिल्ह्यांतल्या लोकांनी पोलिसात भरती होऊन खबरे बाळगले, हे मात्र कोणी फारसं बोलत नाही.

खबरीगिरी हा धंदा म्हणून उभा राहिला तो दारूबंदीने. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. एका फटक्यात लाखो पिणारे, हजारो गाळणारे आणि वाहणारे गुन्हेगार ठरले. खाडीकाठी भट्ट्या, रबरी ट्यूबमधून वाहतूक, वस्तीतल्या मावश्यांचे अड्डे. आणि या प्रत्येक अड्ड्याचा गिऱ्हाईक हा संभाव्य खबरी. तोवर खबरी लागायचा दरोड्याला, खुनाला, कटाला. आता तो रोजच्या कोट्याला लागू लागला. महिन्याला अमुक केसेस दाखवायच्या म्हणजे अमुक टिपा हव्यात. हप्ता आणि टीप ही एकाच व्यवहाराची दोन टोकं झाली ती याच काळात: हप्ता देणाऱ्याच्या अड्ड्याची टीप येत नसे, आणि हप्ता देणारा स्वतःच शेजाऱ्याच्या भट्टीची टीप देई. सुरुवातीला दिलेलं फिर्यादीचं ते छापील वाक्य दारूबंदीच्या केसेसच्या रगाड्यात घोटून घोटून गुळगुळीत झालं, असं माझं मत. ‘प्रोहिबिशनचा मुद्देमाल’ हा शब्दप्रयोग आजही ठाण्यात त्याच सहजतेने वापरतात.

सोन्याचं प्रकरण वेगळं, कारण तिथे टीप टक्केवारीवर गेली. १९६२ चा कस्टम कायदा, मग सोने नियंत्रण, दुबई आणि मुंबई इथल्या भावांतली तफावत, दहा तोळ्यांची बिस्किटं, कोकण किनाऱ्याला लागणारी गलबतं. कस्टमच्या खबऱ्याला जप्त मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकतं. पोलिसांच्या खबऱ्याला चहा, पाचशेची नोट किंवा एखाद्या केसमध्ये दुर्लक्ष, आणि इथे लाखांचे आकडे. साहजिकच लिखापढी आली. खबऱ्याची माहिती लिहून घ्यायची, त्यावर नावाऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, कागद मोहोरबंद करायचा, आणि बक्षीस द्यायच्या वेळी ठसा जुळवायचा. नाव नसलेल्या माणसाला ओळखायची ही युक्ती आजही पटण्यासारखी वाटते. तरी भांडणं थांबली नाहीत. बक्षीस कमी मिळालं, अधिकाऱ्याने आपलाच माणूस खबरी म्हणून घुसवला, अशा तक्रारी घेऊन खबरे कोर्टात गेले. सरकारची भूमिका कायम एकच राहिली: बक्षीस हा हक्क नाही, खुशीने दिलेली रक्कम आहे. २०१८ च्या आयकर खात्याच्या योजनेत खबऱ्याला सांकेतिक क्रमांक मिळतो आणि परदेशातल्या काळ्या पैशाच्या माहितीसाठी ५ कोटींपर्यंत बक्षीस जाहीर आहे. म्हणजे अंगठ्याची जागा आकड्याने घेतली, बाकी अटी त्याच.

पोलिसांकडे असला हिशेब नाही. तिथे गुप्त निधी असतो. त्यावर इतर खर्चासारखी पावत्यांची तपासणी होत नाही, वरिष्ठाच्या प्रमाणपत्रावर भागतं. आणि माहितीचा अधिकार इथे पोचत नाही, कारण २००५ च्या कायद्याच्या कलम ८(१)(छ) ने माहितीचा स्रोत उघड होईल अशी माहिती वगळली आहे. शिवाय खबरी ठाण्याचा नसतोच, तो ‘माझा’ असतो. अधिकाऱ्याची बदली झाली की खबरी त्याच्याबरोबर जातो, निदान त्याचा मोबाइल नंबर तरी जातो. नव्या अधिकाऱ्याला कपाटाची किल्ली मिळते, मुद्देमालाची यादी मिळते, खबऱ्यांची यादी मिळत नाही.

या खासगी मालकीचं टोक मुंबईने १९९० च्या दशकात पाहिलं. टोळ्या, खंडणी, दिवसाढवळ्या खून, आणि त्याला उत्तर म्हणून चकमकी. चकमकीच्या प्रत्येक प्रेसनोटची सुरुवात टिपेने: अमुक गुंड अमुक ठिकाणी येणार असल्याची खबर मिळाली, सापळा रचला, शरण यायला सांगितलं, त्याने गोळी झाडली. शहराने हे वाक्य वर्षानुवर्षं वाचलं आणि बहुतेकांनी टाळ्याही वाजवल्या. खबरी हा शब्द सिनेमात, गल्लीत, पोरांच्या खेळात गेला तो याच काळात. पण ज्याला टोळ्यांची आतली खबर असते तो टोळीतलाच असणार, आणि बहुधा समोरच्या टोळीतला. म्हणजे एका टोळीने दुसरीच्या माणसाचा ठावठिकाणा सांगायचा आणि पोलिसांनी तो ‘बातमीदारामार्फत’ म्हणून नोंदवायचा. सुपारी आणि टीप यांत फरक किती उरला, हे तेव्हा विचारणारे थोडे होते आणि त्यांना गुंडांचे वकील म्हणून हिणवलं गेलं.

२००६ च्या नोव्हेंबरात वर्सोव्यात झालेल्या एका चकमकीने हे सगळं कोर्टात आणलं. मारला गेलेला माणूस त्याच दिवशी वाशीतून उचलला होता, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत पोलीस होते आणि साध्या कपड्यातले, पोलिसात नसलेले लोकही होते. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही चकमक खोटी ठरवली. पोलीस नसलेली ही माणसं गाडीत, खोलीत, पाळतीवर कोणत्या नात्याने होती? ठाण्याच्या भाषेत अशा माणसाला खबरी म्हणतात, झिरो म्हणतात, पंटर म्हणतात. पंटर हा शब्द आणखी घसरडा: टोळीत तो भाईचा पोरगा, छाप्यात तो बनावट गिऱ्हाईक. अर्थात बनावट गिऱ्हाईक म्हणून आत गेलेला माणूस साक्षीदार होतो आणि त्याचं नाव पंचनाम्यात येतं. खबऱ्याचं येत नाही. एकाच माणसाने सकाळी टीप द्यायची आणि संध्याकाळी गिऱ्हाईक बनायचं, तेव्हा कागद काय म्हणतो ते वाचण्यासारखं असतं: दोन वेगळी माणसं म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी चकमकींबाबत १६ सूचना दिल्या. मूळ याचिका मुंबईच्या, १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींबद्दलच्या, ज्यांत सुमारे १३५ माणसं मारली गेली. चर्चा झाली ती बाकीच्या सूचनांची: स्वतंत्र तपास, गुन्हा नोंदवणं, लगेच शौर्यपदकं न देणं. माझ्या मते सगळ्यात वजनदार सूचना पहिली होती. गंभीर गुन्ह्याशी संबंधित हालचालींची टीप मिळाली तर ती कोणत्या तरी स्वरूपात, शक्यतो केस डायरीत किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदीत, उतरवायची. संशयिताचा तपशील किंवा पथक कुठे निघालंय हे त्यात नसलं तरी चालेल. या सूचना कायद्यासारख्याच पाळायच्या, हेही निकालात स्पष्ट आहे.

पोलिसांचा आक्षेप तेव्हापासून तोच आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. ठाण्यात लिहिलेलं ठाण्यात राहत नाही. डायरीत नोंद पडली की ती वाचणारे चार डोळे असतात, आणि त्यांतल्या एका डोळ्याला टोळीचा पगार असू शकतो. पण निकालाने नाव मागितलेलंच नाही, ठिकाणही मागितलेलं नाही. मागितलीय ती फक्त वेळेची खूण. गोळी सुटण्याआधी टीप आली होती, एवढं दाखवणारी एक ओळ. तेवढीही नको असेल तर आक्षेप खबऱ्याच्या सुरक्षेसाठी आहे यावर विश्वास ठेवणं जड जातं. अमली पदार्थांच्या केसेसमध्ये हीच पोलीस यंत्रणा १९८५ पासून टिपा लिहून वर पाठवते आहे. त्या पद्धतीने आकाश कोसळलेलं नाही.

विदर्भाच्या टोकाला या शब्दाचा वापर उलट दिशेने होतो. गडचिरोलीत माणसाला ‘खबरी’ पोलीस ठरवत नाहीत, नक्षलवादी ठरवतात. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांतली बातमी गेली चार दशकं साधारण एकाच साच्यात येत राहिली: रात्री सशस्त्र लोक गावात आले, एकाला घरातून उठवून नेलं, सकाळी रस्त्यावर मृतदेह, शेजारी पत्रक, ‘पोलीस खबरी’. कधी आधी जनअदालत भरवलेली असते, कधी तेवढाही सोपस्कार नसतो. मोबाइल बाळगला, ठाण्याच्या मेळाव्याला गेला, पोराला पोलीस भरतीला पाठवलं, रस्त्याच्या कामावर मजुरी केली, जमिनीच्या भांडणात समोरच्याने कान भरले. यातलं काहीही पुरतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा खुलासा: मृत इसम पोलिसांचा खबरी नव्हता. तो खरा असो वा नसो, द्यावा लागतोच. ‘होय, आमचा होता’ असं कबूल केलं तर त्याच्या घरच्यांचं काय होईल, आणि उद्या दुसरा कोण बोलायला येईल?

इथे सगळ्यात वाईट अवस्था पोलीस पाटलाची. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यापासून, आणि आता १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, गावातल्या गुन्ह्याची माहिती ठाण्याला देणं हे त्याचं काम आहे. तो गुप्त नाही. त्याच्या घरावर पाटी असते, मानधन सरकारी असतं, सगळ्या गावाला ठाऊक असतं. मुंबईचा खबरी दडून तरी राहतो. हा माणूस कायद्यानेच उघडा बातमीदार आहे आणि कलम १२५ त्याच्या काडीच्या उपयोगाचं नाही. खबरी म्हणून मारल्या गेलेल्यांत पोलीस पाटील वारंवार दिसतात, ते यामुळे. बऱ्याच गावांत लोक हे पद घ्यायलाच तयार होईनात.

आपल्या वर्तमानपत्रांनी या बाबतीत फारशी अक्कल दाखवली नाही, हेही नोंदवायला हवं. ‘खबरी असल्याच्या संशयावरून हत्या’ हा मथळा वर्षानुवर्षं छापला जातो. संशय कोणाचा, हे मथळ्यात नसतं. मारणाऱ्याचा आरोप बातमीत कारण म्हणून बसतो, आणि मेलेल्याच्या घराला तो चिकटतो. मुंबईच्या चकमकीत पोलिसांचा शब्द तसाच्या तसा छापला, गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा. काही दैनिकं अलीकडे ‘खबरी’ला अवतरण चिन्हं घालू लागली आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांच्या वरिष्ठ नेत्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आत राहिलेल्यांनी त्याला गद्दार ठरवलं. त्याआधी, १ जुलै २०२४ पासून, पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. वसाहतीच्या काळातले कायदे बदलल्याचा गाजावाजा झाला. कलम १२५ तिथे १३१ झालं आहे. मजकूर तोच: माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही. १८९० ची ती फट याही वेळी ठेवलेली नाही.